धावताना घड्याळाचे आकडे एका नजरेत दिसावेत म्हणून

ताशी १२ किलोमीटरने धावताना तुम्ही एका सेकंदात ३.३ मीटर पुढे जाता. सायकलवर ताशी ३० चा वेग असेल तर ८ मीटरहून जास्त. आकडा शोधून वाचायला दोन सेकंद लागले, तर सायकलस्वाराने तेवढ्यात सोळा मीटर रस्ता न बघता कापलेला असतो. म्हणून आपली कसोटी एकच: हात हलत असताना, एका सेकंदात, हवा तो आकडा वाचता येतो का? घरात बसून स्क्रीन कितीही देखणी वाटली, तरी या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळत नाही.

आकडे दिसेनात की बहुतेक जण ब्राइटनेस वाढवतात. काही घड्याळांवर तो उपाय बरोबर ठरतो, काहींवर भर उन्हात त्याने तसूभरही फरक पडत नाही. कारण स्पोर्ट्स वॉचमध्ये पडद्याच्या दोन अगदी वेगळ्या जाती आहेत आणि एकीवर जो उपाय चालतो, तोच दुसरीवर उलटतो.

पडद्याची जात ओळखा

पहिली जात एमआयपी. हा पडदा बाहेरून पडणारा प्रकाश परत फेकतो आणि त्यातूनच आकडे दिसतात, छापील कागदासारखे. ऊन जितकं कडक तितका तो स्पष्ट. अंधारात मात्र बॅकलाइट लावावाच लागतो. गार्मिनचं फोररनर २५५ आणि कोरोसचं पेस ३ ही याची उदाहरणं. दुसरी जात अ‍ॅमोलेड. इथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. फोररनर २६५ आणि सगळी अ‍ॅपल वॉच या दुसऱ्या गटात येतात (अ‍ॅपल याला ओलेड म्हणतं, तत्त्व तेच).

कोणता पडदा आहे हे कळत नसेल तर फोनचा टॉर्च एका बाजूने तिरका स्क्रीनवर मारा. आकडे उठून दिसू लागले तर एमआयपी. काळा भाग राखाडी होऊन आकडे फिके पडले तर अ‍ॅमोलेड.

आता थोडं गणित, कारण पुढचे सगळे उपाय यावर उभे आहेत. भर दुपारच्या थेट उन्हात साधारण १,००,००० लक्स (पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक) प्रकाश पडतो. पडद्याने त्यातला फक्त १ टक्का विखरून परत फेकला, तरी काळ्या भागावर सुमारे ३२० निट्सचा (निट हे पडद्याच्या तेजाचं एकक) पांढुरका थर चढतो. पडदा ५०० निट्सचा असेल तर पांढरा आकडा आणि काळी पार्श्वभूमी यांच्यातलं प्रमाण जेमतेम अडीचास एक उरतं. १००० निट्सला ते चारास एक होतं, २००० ला सातास एक. वेबवरच्या मजकुरासाठी जे सुगम्यतेचे निकष आहेत, त्यांत लहान अक्षरांना किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना ३ हे प्रमाण सांगितलं आहे. म्हणजे ५०० निट्सचा पडदा थेट उन्हात मोठ्या आकड्यांनाही पुरत नाही.

पण तोच ५०० निट्सचा पडदा स्वतःच्या अंगाच्या सावलीत आणला, जिथे समजा १०,००० लक्स आहेत, तर थर ३२ निट्सवर उतरतो आणि प्रमाण सोळाच्या पुढे जातं. ब्राइटनेस चौपट करून जे मिळत नाही ते खांदा थोडा वळवून मिळतं. अ‍ॅमोलेडवाल्यांनी लक्षात ठेवावं: आकडा बघायचा तर घड्याळ सावलीत घ्या. एमआयपीवाल्यांनी याच्या उलट करावं, मनगट उजेडाकडे वळवावं. एमआयपी घड्याळावर दुसऱ्या हाताची सावली धरून डोळे बारीक करणारे धावपटू खूप दिसतात. ती सावलीच त्यांचे आकडे अंधुक करत असते.

काचेत आरशासारखं दिसणारं आकाश ही तक्रार दोन्ही जातींत सारखीच येते. त्यावर मनगट दहा-पंधरा अंश कलवणं एवढंच करावं लागतं.

बाहेर जाऊन पंधरा मिनिटांची चाचणी

सेटिंगला हात लावण्याआधी ही चाचणी करा. शक्यतो सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान, स्वच्छ उन्हात.

१. नेहमीचा व्यायाम प्रकार सुरू करा. होम स्क्रीनवर चाचणी करून उपयोग नाही, कारण तिथला फाँट वेगळा असतो.

२. सूर्य समोर, पाठीशी, डावीकडे आणि उजवीकडे, असे चार दिशांना प्रत्येकी एक मिनिट सावकाश धावा. प्रत्येक दिशेला तीनदा घड्याळ बघा. बघताना मनात ‘एक’ म्हणा आणि नजर उचला. मग वाचलेला आकडा मोठ्याने बोला.

३. झाडाच्या सावलीत जाऊन तेच करा. ऊन-सावलीची नक्षी पडते ती जागा मुद्दाम निवडा. तिथे डोळा आणि घड्याळाचा प्रकाश-सेन्सर, दोघंही गोंधळतात.

४. नेहमीचा गॉगल घालून पुन्हा एक फेरी.

५. स्क्रीनवर पाण्याचे चार-पाच थेंब शिंपडून आणखी एक.

चुकलेला प्रत्येक आकडा का चुकला ते लगेच फोनमध्ये टिपा: फिका दिसला, लहान होता, कुठे आहे तेच सापडलं नाही, पडदा उजळायला वेळ लागला, की काचेत आकाश दिसलं. या पाच तक्रारींचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि बरेचदा ‘स्क्रीन दिसत नाही’ म्हणणाऱ्या माणसाची खरी अडचण दुसरी किंवा तिसरी असते.

डेटा स्क्रीन: सगळ्यात जास्त फरक इथे पडतो

४० सेंटीमीटर अंतरावरून निरोगी डोळ्याला स्थिर स्थितीत जेमतेम ओळखता येणारा आकडा ०.६ मिलिमीटर उंच असतो. सहज वाचण्यासाठी त्याच्या चौपट, म्हणजे २.३ मिलिमीटर तरी हवा. हात आणि डोकं दोन्ही हलत असताना आम्ही त्याच्याही दुप्पट धरतो: साडेचार ते पाच मिलिमीटर. चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसू लागलं असेल आणि धावताना चष्मा नसेल, तर सहाच्या खाली जाऊ नका.

आता १.३ इंची गोल पडदा घ्या, व्यास सुमारे ३३ मिलिमीटर. तीन आडव्या पट्ट्या केल्या तर प्रत्येकीला ११ मिलिमीटर येतात. शीर्षक आणि मोकळी जागा वजा करता आकड्याला सहा-सात उरतात. उत्तम. पण सहा रकाने केले की उंची तीच राहून रुंदी अर्धी होते, आणि खरा घात रुंदी करते. एकूण वेळ १:२३:४५ असा दाखवायचा तर पाच अंक आणि दोन विसर्गचिन्हं मावायला हवीत. १४ मिलिमीटर रुंदीत हा आकडा जेमतेम चार मिलिमीटर उंच होतो. गोल पडद्याच्या वरच्या किंवा खालच्या कोपऱ्यात तर तीनच्याही खाली जातो. पहिल्या तासात ५९:५९ पर्यंत जो आकडा छान दिसत होता, तो तासाभरानंतर अचानक बारीक होतो तो यामुळेच. मॅरेथॉनच्या मध्यावर हे कळणं फार त्रासाचं.

त्यामुळे मांडणी अशी करा:

पहिल्या स्क्रीनवर जास्तीत जास्त तीन आकडे. मधली पट्टी सगळ्यात रुंद असते, तिथे लांब आकडा (एकूण वेळ किंवा अंतर) किंवा तुम्ही सर्वाधिक वेळा बघता तो आकडा ठेवा. वर आणि खाली तीन अंकांत मावणारे: हार्ट रेट, पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ), कॅडेन्स (मिनिटाला पडणारी पावलं).

दुसरी स्क्रीन चालू लॅपसाठी, म्हणजे धावण्याच्या सध्याच्या टप्प्यासाठी: लॅपची पेस, लॅपचं अंतर. इंटरव्हल (जलद आणि सावकाश टप्पे आलटून पालटून) करत असाल तर ही पहिली आणा. तिसरीवर बाकी सगळं. चढाई, उष्मांक, तापमान वगैरे गोष्टी थांबल्यावर बघायच्या असतात, त्यांना चार-पाच रकाने दिले तरी चालतात. स्क्रीन आपोआप बदलत राहण्याची सोय असेल तर ती बंदच ठेवा. नजर टाकावी आणि भलतीच स्क्रीन समोर असावी, हा एक सेकंद हमखास वाया घालवण्याचा प्रकार आहे.

जागा पक्क्या ठेवा. धावणं, सायकल, ट्रेक, सगळ्या प्रकारांत हार्ट रेट एकाच ठिकाणी असेल तर डोळा शीर्षक न वाचता थेट तिथे जातो. दोन-तीन आठवड्यांत सवय लागते. काही घड्याळांत शीर्षकं काढून टाकता येतात, मग आकडे आणखी मोठे होतात. पण पेस ५:४२ आणि लॅपची पेस ५:३८ शेजारी असतील तर शीर्षकाशिवाय घोळ होणारच. सारखे दिसणारे दोन आकडे एका स्क्रीनवर ठेवूच नका.

एमआयपीवर हे सगळं जास्तच लागू आहे. १.३ इंचात फोररनर २५५ चे २६० गुणिले २६० ठिपके आहेत, २६५ चे ४१६ गुणिले ४१६. ठिपके कमी असल्याने लहान फाँटमध्ये ६ आणि ८ यांची पोटं बुजतात. मोठ्या फाँटमध्ये तो फरक जवळजवळ नाहीसा होतो.

आणि काही आकडे मुळात बघावेच लागू नयेत. प्रत्येक किलोमीटरला ऑटो लॅपचं कंपन आणि हार्ट रेट ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेल्यास सूचना, एवढ्या दोन गोष्टी लावल्या की घड्याळाकडे जाणारी नजर पुष्कळच कमी होते. मात्र सूचनेचा भला मोठा चौकोन आकड्यांवर किती सेकंद राहतो तेही तपासा, आणि फोनचे मेसेज व्यायामापुरते बंद करा.

रंग

डोळ्याला दिसणाऱ्या उजेडात तिन्ही रंगांचा वाटा सारखा नसतो. नेहमीच्या पडद्याच्या मोजणीत पांढऱ्याची तेजस्विता १०० धरली तर शुद्ध हिरवा सुमारे ७२, लाल २१ आणि निळा फक्त ७. काळ्यावर निळे आकडे म्हणजे पडद्याच्या ताकदीतला चौदावा हिस्सा वापरणं. दुकानातल्या मंद दिव्यात ही थीम फार छान दिसते, उन्हात पुसली जाते. लालही तसाच: हार्ट रेटचा आकडा झोननुसार (श्रमाच्या पातळीनुसार) रंग बदलत असेल, तर सर्वात वरच्या झोनमध्ये, म्हणजे ज्या क्षणी तो वाचणं सर्वात गरजेचं, तेव्हाच तो लाल होऊन फिका पडतो. आकडा पांढरा ठेवा, रंग हवा तर कडेच्या पट्टीला द्या.

अ‍ॅमोलेडवर काळ्यावर पांढरे, जाड आकडे. पूर्ण पांढरी पार्श्वभूमी घेतली तर बॅटरी लवकर संपते, आणि बऱ्याच पडद्यांवर मोठा भाग उजळला की कमाल ब्राइटनेस खाली येते. एमआयपीवर उलट, पांढऱ्यावर काळे. सगळी पार्श्वभूमी उजेड परत फेकते, काचेतलं आकाश तीवर कमी जाणवतं. दोन्ही करून बघा, पण बाहेर.

ब्राइटनेस, जागं होणं आणि मंद अवस्था

जाहिरातीतला निट्सचा आकडा कमाल असतो. अ‍ॅपल वॉच अल्ट्रा २ साठी २०२३ मध्ये ३००० निट्स सांगितले गेले. अशी कमाल सहसा ब्राइटनेस स्वयंचलित असताना, सेन्सरला तीव्र ऊन लागल्यावरच मिळते, त्यामुळे हाताने पातळी ठरवून टाकणारा माणूस कधी कधी स्वतःचंच नुकसान करतो. घड्याळ तापलं की ही ब्राइटनेस आपणहून उतरते. सुरुवातीच्या रेषेवर उन्हात वीस मिनिटं उभं राहायचं असेल तर तोवर घड्याळ बाहीखाली असू द्या. नुकतंच चार्जिंगवरून काढून गरम असतानाच धावायला निघू नका.

सेन्सर काचेखाली असतो. विंडचीटरची बाही त्यावर अर्धवट आली की घड्याळाला अंधार वाटतो आणि पडदा मंदावतो. बाही घड्याळाच्या मागे सारा. छातीचा हार्ट रेट पट्टा वापरत असाल तर घड्याळ सरळ बाहीवरच बांधा, त्याला त्वचा लागण्याचं कारण उरत नाही.

मनगट वळवल्यावर पडदा जागा होणं ही सोय धावताना बऱ्यापैकी चालते, पण जागं व्हायला लागणारा वेळ आपल्या एका सेकंदातून जातो. हँडलवर हात असताना किंवा ट्रेकिंगच्या काठ्या धरल्या असताना तर मनगट वळतच नाही. अ‍ॅमोलेड घड्याळांत ‘नेहमी चालू’ हे सेटिंग बरेचदा व्यायामासाठी वेगळं असतं. ते फक्त व्यायामापुरतं लावा. बॅटरीचा हिशेब अंदाजाने करू नका: एक तास चालू ठेवून आणि दुसऱ्या दिवशी त्याच मार्गावर एक तास बंद ठेवून टक्के टिपा, मग तुमच्या सर्वात लांब व्यायामाच्या तासांनी गुणा.

‘नेहमी चालू’ असतानाही हात खाली असला की पडदा मंद अवस्थेत जातो. ही अवस्था उन्हात वाचता येते का, हे चाचणीत स्वतंत्रपणे बघा. येत नसेल तर पूर्ण उजेडाची मुदत वाढवा.

एमआयपीला दिवसा बॅकलाइटची गरज नाही. ‘सूर्यास्तानंतर मनगट वळवल्यावर’ असा पर्याय असेल तर तोच निवडा, नसेल तर बटण दाबल्यावर आठ-दहा सेकंद.

काच, फिल्म आणि घाम

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. सफायरचा अपवर्तनांक १.७७ असल्याने तिथे हा आकडा साडेसात-आठ टक्क्यांवर जातो. परावर्तन कमी करणारा लेप नसेल तर ओरखडे टाळण्याची ही किंमत मोजावी लागते. खडकांवर चढणाऱ्याला ती परवडते, डांबरी रस्त्यावर धावणाऱ्याला बहुधा तिची गरज नसते.

वरून लावलेली फिल्म सगळीकडे चिकटलेली नसेल तर मधली हवा आणखी दोन परावर्तक पृष्ठभाग तयार करते. कडेने इंद्रधनुषी कडी किंवा बुडबुडे दिसले की ती काढा. मॅट फिल्म आरसा मोडते खरी, पण तोच उजेड सगळ्या पडद्यावर पसरवते आणि लहान आकड्यांच्या कडा पुसट करते. अ‍ॅमोलेडवर मॅट फिल्म लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

सनस्क्रीन चोळलेल्या बोटांनी स्क्रीन पुसली की तेलकट थर बसतो, त्यावर घामाचं मीठ. सूर्य बाजूने असताना हा थर झगमगतो. क्रम बदला: सनस्क्रीन आधी, हात धुणं मग, घड्याळ शेवटी. व्यायामानंतर साध्या पाण्याखाली धरून मऊ कापडाने टिपा. कीटकनाशक स्प्रे आणि तीव्र द्रावणं घड्याळापासून लांब ठेवा, त्यांनी लेप आणि प्लास्टिक दोन्ही खराब होऊ शकतात.

गॉगल

साधा गडद गॉगल आकडा आणि चकाकी दोन्ही सारखीच कमी करतो, म्हणून उन्हात फारसं बिघडत नाही. तिसऱ्या श्रेणीची काच ८ ते १८ टक्केच प्रकाश आत सोडते. तीच घालून दाट झाडीत शिरलात की एमआयपीचे आकडे बुडतात. मिश्र वाटेसाठी दुसऱ्या श्रेणीची काच (१८ ते ४३ टक्के) बरी.

पोलराइज्ड गॉगलचं दुखणं वेगळं आहे. अशा गॉगलप्रमाणेच पडद्यावरही पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आरपार सोडणारा थर असतो आणि दोघांचे अक्ष काटकोनात आले की स्क्रीन काळी पडते. एमआयपीवर हे ठळक असतं, अ‍ॅमोलेडवर रंग बदलतो किंवा उजेड थोडा घटतो. गॉगल घालून घड्याळ हातात धरा, सावकाश ९० अंश फिरवा आणि कुठे काळं होतं ते बघा. मग ते तुमच्या धावण्याच्या आणि सायकलच्या पवित्र्याशी जुळतं का तपासा. सरळ धरलेलं घड्याळ स्पष्ट दिसतं, पण हात हँडलवर पुढे ताणला की मजकूर जवळपास ९० अंशांनी आडवा होतो, आणि नेमका तोच कोन वाईट निघू शकतो. यावर हँडलवरचा माउंट हा उत्तम उपाय: घड्याळ सरळ बसतं आणि मान वाकत नाही. हार्ट रेट मग छातीच्या पट्ट्यावरून घ्यावा लागेल.

पाऊस, थंडी, अंधार

थेंबांना टच स्क्रीन बोट समजते, पानं आपोआप सरकतात, कधी लॅप पडतो. व्यायाम सुरू होताच टच बंद होईल असं सेटिंग लावा आणि बटणांनी काम करायला शिका. पान पुढे कोणत्या बटणाने जातं हे हातमोजे घालून दहा वेळा करून बघा. कडाक्याच्या थंडीत एमआयपीसारखे एलसीडी पडदे संथ होतात, आकडा बदलताना जुना आकडा क्षणभर रेंगाळतो. तो बिघाड नव्हे.

अंधाराची सवय व्हायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात आणि एक भगभगीत स्क्रीन ती क्षणात मोडते. रात्री ब्राइटनेस शक्य तितकी खाली आणा. लाल रंगाची रात्र-थीम असेल तर ती इथे योग्य आहे, कारण अंधारात बघणाऱ्या पेशींना लाल उजेड कमी त्रास देतो. डोक्यावर हेडलॅम्प असेल तर एमआयपीला बॅकलाइट लागतच नाही, दिव्याचा झोत तिरका पडू द्या. समोरून पडला तर काचेत दिवाच दिसेल.

नकाशा दिवसा वाचायचा तर जास्त कॉन्ट्रास्टची थीम घ्या, उंचीच्या रेषा आणि जागांची नावं बंद करा, मार्गाची रेषा सर्वात जाड ठेवा. पळत असताना १०० ते २०० मीटरचं प्रमाण पुरतं. वळणाची सूचना कंपनासह येऊ द्या.

नवीन घड्याळ घेताना

दुकानातून बाहेर उन्हात न्यायची परवानगी मागा. बाहेर गेल्यावर डेमोचं फिरतं चित्र बंद करून धावण्याचा प्रकार सुरू करा, तीन रकान्यांची स्क्रीन लावा, घड्याळ मनगटावर नेहमीच्या घट्टपणे बांधा. हाताच्या हाडापासून एक बोट वर. पट्टा सैल असेल तर तबकडी बाहेरच्या बाजूला घसरते आणि प्रत्येक वेळी मनगट जास्त वळवावं लागतं. जागच्या जागी वीस पावलं धावा, आकडा वाचा. पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर तो सोबत न्या. हात खाली सोडून मंद अवस्था येईपर्यंत थांबा, मग मनगट न झटकता फक्त नजर खाली नेऊन तोच आकडा पुन्हा वाचा. तीन वेळा केलंत आणि दोनदा चुकलात, तर ते मॉडेल परत ठेवा.